डायव्हॅरिकेशन : फांदी, फाटा आणि वाकडे तास

  

मागच्या व्याख्यानानंतर एका विद्यार्थिनीने आमच्या हातात एक चिठ्ठी दिली होती. तिच्यावर एक इंग्रजी शब्द होता, ‘डायव्हॅरिकेशन’, आणि खाली प्रश्न. “सर, वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात याचा अर्थ फांद्या फुटून लांब पसरणे असा दिला आहे. एका जुन्या शब्दकोशात मात्र मतभेद असाही अर्थ सापडला. झाडाचा आणि मतभेदाचा संबंध काय?” प्रश्न फार चांगला आहे. उत्तर त्या दिवशी आमच्याकडे नव्हते. आम्हीही घरी जाऊन कोश काढून बसलो. आज आपण हाच एक शब्द घेऊ. शब्द छोटा आहे, पण तो आपल्याला बराच लांब नेईल, आणि शेवटी जिथे नेईल ती जागा आम्हाला स्वतःला फारशी सुखाची नाही.

फांद्या फुटणे किंवा दुभंगणे यासाठी इंग्रजीत तीन-चार शब्द आहेत. ‘रॅमिफिकेशन’ आपल्या कानावरून गेलेला असतो. लॅटिनमध्ये ‘रामुस’ म्हणजे फांदी, त्यावरून तो आला. ‘बायफर्केशन’मध्ये ‘फुर्का’ आहे, म्हणजे गवत उचलायचा दोन दातांचा काटा. ‘डायकॉटमी’ ग्रीक आहे, त्याचा मूळ अर्थ दोन तुकडे कापणे. म्हणजे बघा, पहिला शब्द झाडावरून आला, दुसरा अवजारावरून आणि तिसरा सुरीवरून. आपला शब्द मात्र माणसाच्या पायांवरून आला आहे.

लॅटिनमध्ये ‘वारुस’ म्हणजे वाकडा, विशेषतः वाकड्या पायांचा. आपण ज्याला फेंगडा म्हणतो, तो. हाडांचे डॉक्टर आजही पायाच्या एका प्रकारच्या वाकडेपणाला ‘व्हेरस’ म्हणतात, तो हाच शब्द. त्यावरून ‘वारिकुस’, म्हणजे पाय फाकून उभा असलेला, आणि ‘वारिकारे’, म्हणजे पाय फाकणे. त्याच्या आधी ‘दिस’ हा उपसर्ग लावला की एकमेकांपासून दूर असा भाव येतो. ‘दिवारिकारे’ म्हणजे दोन्ही पाय लांब फाकवणे. झाडाचे दुबेळके पाहून कुणाला तरी पाय फाकून उभा असलेला माणूस आठवला, आणि शब्द माणसावरून झाडावर गेला. डॉक्टरांकडे त्याचा आणखी एक उपयोग आहे. बाळंतपणानंतर पोटाचे दोन उभे स्नायू मधल्या रेषेपासून बाजूला सरकतात, त्यालाही डायव्हॅरिकेशन म्हणतात. एक असलेले दोन झाले आणि मध्ये जागा पडली, हा या शब्दाचा गाभा. इंग्रजीत तो सोळाव्या शतकाच्या शेवटाकडे आला. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ सालच्या कोशात त्याचे दोन्ही अर्थ आहेत, दुभंगणे आणि मतांची फाटाफूट.

आता हा शब्द दुर्मीळ आहे असे आपण म्हणतो, पण आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगणात तो उभा आहे. तगर! पांढऱ्या, भिंगरीसारख्या पाकळ्यांची, देवाला वाहतो ती तगर. तिचे शास्त्रीय नाव ‘टॅबर्निमोंटाना डिव्हॅरिकाटा’. नावाचा पहिला भाग सोळाव्या शतकातल्या एका जर्मन वनस्पतितज्ज्ञाच्या नावावरून आला, दुसरा आपला शब्द. लिनियसने १७५३ मध्ये या झाडाला कण्हेरीच्या वंशात घातले होते. पुढे वंश बदलला, पण ‘डिव्हॅरिकाटा’ हे विशेषण तिला चिकटून राहिले. का, ते उद्या सकाळी फुले तोडताना नीट बघा. तगरीच्या फांदीचे टोक वाढत वाढत जाते आणि फुलांच्या गुच्छापाशी थांबते. ते टोक पुढे वाढत नाही. मग त्याच्या खालच्या दोन डोळ्यांतून दोन फांद्या निघतात, एक इकडे, एक तिकडे. त्या दोघींच्या बेचक्यात फुले राहतात. थोडे पुढे जाऊन त्याही थांबतात, फुलतात आणि पुन्हा दुभंगतात. सगळे झुडूप असेच दोनाचे चार, चाराचे आठ होत गेलेले असते. पण कोणत्याही डहाळीवर बोट ठेवा आणि मागे मागे या, तुम्ही एकाच बुंध्यापाशी पोचता. हे लक्षात ठेवा, आपल्याला नंतर लागणार आहे.

फांद्या फाकण्याचा अतिरेक पाहायचा तर न्यूझीलंडला जावे लागेल. तिथे कितीतरी झुडपांच्या फांद्या इतक्या रुंद कोनात फुटतात आणि एकमेकींत इतक्या गुंततात, की झुडूप म्हणजे तारांचे भेंडोळे वाटते. पाने बारीक, आणि बरीचशी आतल्या बाजूला. असे का व्हावे, यावर शास्त्रज्ञांत जुना वाद आहे. काही म्हणतात, थंडी-वाऱ्यापासून बचाव. १९७७ मध्ये दुसरे मत जोरात मांडले गेले. तिथे ‘मोआ’ नावाचे न उडणारे अवाढव्य पक्षी होते, काही शतकांपूर्वी माणसाने त्यांना मारून संपवले. त्यांच्या चोचीला पाने सहज लागू नयेत म्हणून हा गुंता, असे ते मत. वाद अजून मिटलेला नाही. दोन्ही मतांत एक गोष्ट सारखी आहे. हा गुंता स्वतःला वाचवण्यासाठी आहे. झाडाने तसे केले तर त्यात पाप नाही. माणूस आपल्या बोलण्यात तेच करतो, तेव्हा काय होते?

इथे आपली मराठी मदतीला येते. आपण म्हणतो, “तो फार फाटे फोडतो.” फाटा म्हणजे रस्त्याचा, कालव्याचा फाटा. आपल्या जिल्ह्यात निम्म्या लोकांचा पत्ताच ‘फाट्यावर उतरा’ असा असतो. रेल्वेचेही तेच. नागपूरकडून आलात की सेवाग्रामनंतर एक मार्ग वर्ध्यावरून मुंबईकडे जातो, दुसरा हिंगणघाटवरून बल्लारशाकडे. त्या फाट्याशी कुणाचे भांडण नाही. पण माणसाने बोलण्यात फाटा फोडला की आपल्या कपाळावर आठी येते. म्हणजे चिठ्ठीतल्या मुलीला जे कोडे लॅटिनमध्ये पडले, ते मराठीने आपल्या घरात कधीच जोडून ठेवले आहे. झाडाचा, रस्त्याचा आणि वादाचा फाटा एकच.

आता लॅटिनमध्ये परत जाऊ. याच ‘वारिकारे’पासून आणखी एक शब्द निघाला, ‘प्रेवारिकारी’. इंग्रजीत तो ‘प्रीव्हॅरिकेट’ झाला. अर्थ : सरळ उत्तर न देणे, खोटे न बोलता खऱ्याला बगल देणे. दोन्ही शब्द सख्खे भाऊ, आणि दोघांची एकाच खटल्यात गाठ पडते. इसवी सनापूर्वी ७० साली रोममध्ये वेरेस नावाच्या सुभेदारावर खटला झाला. सिसिली बेटावर त्याने तीन वर्षे लूट केली होती. त्याच्यावर आरोप चालवायला सिसेरो उभा राहिला. पण सिसेरोच्या आधी एक अडचण होती. केसिलियस नावाचा दुसरा माणूस म्हणत होता, फिर्यादी मी होतो. हा वेरेसच्याच हाताखाली काम केलेला. सिसेरोने न्यायाधीशांना सांगितले, की हा फिर्यादी झाला तर खटला नावापुरता चालेल. एक पाय फिर्यादीकडे, एक पाय आरोपीकडे. अशा वकिलाला रोमन कायद्यात ‘प्रेवारिकातोर’ म्हणत, आणि तो गुन्हा होता. न्यायाधीशांनी सिसेरोला निवडले.

त्याच खटल्यासाठी सिसेरोने लिहिलेल्या भाषणांत दुसरा शब्द येतो. टिंडारिस नावाच्या गावात बुध देवाची एक सुंदर मूर्ती होती. वेरेसला ती हवी होती. गावचा मुख्य अधिकारी सोपातेर याने सांगितले, मूर्ती गावाची आहे, ती मला देता येत नाही. हिवाळा होता, पाऊस होता. वेरेसने त्या माणसाचे कपडे उतरवले आणि चौकातल्या घोडेस्वाराच्या ब्राँझच्या पुतळ्यावर त्याला पाय फाकवून बांधायला लावले. ‘दिवारिकारी’, हाच शब्द सिसेरोने वापरला आहे. शेवटी लोकांना ते बघवेना आणि गावाने मूर्ती देण्याचे कबूल केले, तेव्हा कुठे त्याला सोडले. म्हणजे मंडळी, एकाच खटल्यात दोन माणसे पाय फाकून आहेत. एकाला बळजबरीने बांधले, कारण त्याने सरळ ‘नाही’ म्हटले. दुसरा स्वखुशीने दोन्हीकडे पाय ठेवून उभा आहे. शरीराची ठेवण एकच, पण माणूस वेगळा.

‘प्रेवारिकारी’ हा शब्द न्यायालयात आला कुठून? थोरल्या प्लिनीने पहिल्या शतकात त्याचे उत्तर दिले आहे, आणि ते आपल्या शेतकऱ्यांना लगेच पटेल. तो म्हणतो, नांगर हाकणारा वाकून नांगरावर दाब देत नसेल, तर तास वाकडे जाते. त्या वाकडे जाण्याला हा शब्द होता, आणि तिथून तो कोर्टात गेला. इथे तास म्हणजे नांगराची रेघ, घड्याळाचा तास नव्हे. आपल्याकडे पेरणीच्या वेळी म्हातारा माणूस धुऱ्यावर उभा राहून नुसते तासाकडे बघतो. वाकडे तास पेरणीत खपले तरी डवरणीला उघडे पडते. डवरा सरळ जातो आणि वाकड्या तासातली रोपे उपटली जातात.

आपल्या न्यायशास्त्राने यावर फार बारकाईने विचार केला आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत सोळा पदार्थ सांगितले आहेत, त्यांत एक ‘छल’. छल म्हणजे समोरच्याच्या शब्दातून त्याला अभिप्रेत नसलेला अर्थ काढून त्याला अडवणे. त्याचे तीन प्रकार, त्यांतला पहिला वाक्छल. वात्स्यायनाने भाष्यात दिलेले उदाहरण प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. कुणी म्हणतो, हा मुलगा ‘नवकंबल’ आहे. त्याला म्हणायचे असते, मुलाकडे नवे कांबळे आहे. दुसरा उठतो आणि विचारतो, याच्याकडे नऊ कांबळी कुठे आहेत? एकच तर दिसते! ‘नव’ या शब्दाचे दुबेळके झाले. बोलणाऱ्याला एक फांदी हवी होती, ऐकणाऱ्याने मुद्दाम दुसरी धरली. आम्हाला असे वाटते, की छल हे उत्तर नव्हे. तो वादाचा पराभव आहे, मग टाळ्या कुणालाही पडोत.

आणि बोलणाराच दोन्ही फांद्या धरून ठेवतो, तेव्हा काय म्हणायचे? त्याला आपल्याकडे ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणतात. धर्मराज एकही शब्द खोटा बोलला नाही. तरी कथा सांगते, की जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ त्या दिवशी खाली टेकला.

इथे कुणी विचारील, मग काय, सरळ तेवढेच खरे आणि वळण तेवढे खोटे? तसे नाही. आणि हे आपल्याला आपल्या कापसाने शिकवावे, हे योग्यच आहे. कापसाच्या झाडाला दोन तऱ्हेच्या फांद्या असतात. एक गळफांदी. ती बुंध्याच्या खालच्या भागातून निघते आणि खोडासारखीच सरळ वर जाते. दिसायला दणकट. पण तिच्या स्वतःच्या अंगावर बोंड धरत नाही. बोंड लागलेच तर तिला फुटलेल्या पोटफांद्यांवर. ती अन्न मात्र भरपूर खाते. दुसरी फळफांदी. ती नागमोडी असते, कारण तिचे प्रत्येक पेर एका पात्यापाशी संपते आणि पुढचे पेर बाजूने निघते. दर वळणावर एक पाते, त्याचे फूल, त्याचे बोंड. तगरीचीच रीत, फक्त इथे दोनाऐवजी एकच फांदी पुढे जाते. हल्ली आपल्याकडचे बरेच शेतकरी पीक दीडेक महिन्याचे झाले की गळफांद्या कापून टाकतात, म्हणजे अन्न फळफांद्यांकडे जाते. आता गंमत बघा. कापली जाते ती सरळ फांदी, आणि राखली जाते ती वळणावळणाची.

म्हणून फाटा फोडणे हा दोष नाही. दर्शने फाटे फोडूनच वाढली. वेदांच्या शाखा झाल्या, वेदान्ताचे द्वैत-अद्वैत झाले. एका प्रश्नाचे दोन अर्थ होतात हे दाखवणे, हा तर तत्त्वज्ञानाचा रोजचा उद्योग. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात निश्चय नसलेल्यांच्या बुद्धीला ‘बहुशाखा’ म्हटले आहे. विनोबांची गीताई आपल्या गोपुरीला शिळांवर कोरलेली आहे, तिथे जाऊन तो भाग सावकाश वाचा. आम्हाला असे वाटते, की तिथला आक्षेप फांद्यांच्या संख्येवर नाही. त्या फांद्यांना एक बुंधा नाही, यावर आहे. म्हणून कसोटी दोन प्रश्नांची. हा फाटा फोडल्यावर तुम्ही मागे मागे चालत मूळ प्रश्नापाशी परत येऊ शकता का? आणि त्या वळणावर काही धरले का, की नुसते अन्न खाऊन फांदी वर गेली?

आता जे सांगायचे म्हणून हा विषय घेतला, ते सांगतो. या कसोटीला आम्ही एकदा उतरलो नाही.

आम्ही नोकरीत नवे होतो, अजून कायम झालेलो नव्हतो. परीक्षेत एका खोलीवर देखरेखीला होतो. एका खेड्यातल्या मुलाच्या बाकापाशी कॉपीची चिठ्ठी सापडली. सापडली ती आमच्या वरिष्ठांना, ते फेरीवर आले होते. खरी गोष्ट अशी, की मुले खोलीत यायच्या आधी ती चिठ्ठी तिथे पडलेली आम्ही पाहिली होती. आधीच्या पेपरची असेल, म्हणून आम्ही ती उचलली नाही. आळस, दुसरे काही नाही. चौकशी बसली. आम्हाला विचारले, “चिठ्ठी या मुलाच्या बाकाखाली होती का?” आम्ही म्हणालो, “बाकाच्या जवळ होती.” पुढे विचारले, “ती त्याची असू शकते का?” आम्ही म्हणालो, “असू शकते, नसूही शकते.” मंडळी, यातला प्रत्येक शब्द खरा आहे. तर्कशास्त्रात त्याला पैकीच्या पैकी गुण मिळतील. पण “ती आधीपासून होती” हे आठ अक्षरांचे वाक्य आम्ही बोललो नाही. बोललो असतो तर आधी उचलली का नाही, हा प्रश्न आमच्याकडे आला असता. मुलाचे वर्ष गेले. तो पुन्हा कॉलेजात आला नाही. आणि आम्ही त्याच आठवड्यात वर्गात वाक्छल शिकवला. नव्या कांबळ्याचे उदाहरण देऊन.

काही वर्षांपूर्वी तो आम्हाला एसटीत भेटला. त्याने ओळखले, आम्ही नाही. त्याने उठून जागा दिली. शेती करतो, नातवंडे आहेत. फाटा यायच्या आत आम्ही त्याला सगळे सांगून टाकले. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे ते चिठ्ठी आधीच होती, हे तुम्ही पायलं होतं, सर?” आम्ही म्हणालो, “हो.” थोडा वेळ तो खिडकीबाहेर पाहत राहिला. मग म्हणाला, “मंग तवा येवढंच सांगाचं होतं.” त्याचा फाटा आला. तो पिशवी घेऊन उतरला. रागावला नव्हता. ते अधिक जड गेले.

तर ज्या मुलीने चिठ्ठी दिली, तिला आमचे उत्तर असे. झाडाच्या डायव्हॅरिकेशनचा आणि मतभेदाचा संबंध आहे, आणि तो पायांतून आलेला आहे. मतभेद म्हणजे एका बुंध्यातून दोन फांद्या निघणे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. फक्त आपण कोणत्या फांदीवर आहोत, हे विचारल्यावर सांगता आले पाहिजे. दोन्हीवर एकेक पाय ठेवून कुणालाच काही न सांगणे, हा त्या शब्दाचा दुसरा भाऊ आहे. दोघांचा चेहरा इतका सारखा आहे, की शिकलेल्या माणसाची हमखास फसगत होते. आमची झाली.

जाता जाता एक. आपल्या परंपरेत ‘शाखाचंद्रन्याय’ आहे. चंद्र दाखवायचा तर म्हणतात, त्या फांदीच्या टोकावर बघ. चंद्र काही फांदीवर नसतो, पण फांदीमुळे नजर तिकडे जाते. शब्दाच्या व्युत्पत्तीचे तसेच समजा. लॅटिन पाय, रोमन नांगर, वर्ध्याची तगर, या सगळ्या फांद्या. त्यांच्यावर चढून बसू नका, त्यांच्या टोकाच्या दिशेने बघा.

वेळ झाली. प्रश्न असतील तर चिठ्ठीवर लिहून द्या. चिठ्ठी दिसली की आम्ही आता लगेच उचलतो. पुढच्या वेळी छलाचे उरलेले दोन प्रकार पाहू.